बापाच्या नावावरची अफू

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात नागोजीराव माने सलोत्री म्हटलं की लहान पोरसुद्धा घर दाखवीत असे. सलोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. पणजोबा तलवार घेऊन म्हैसूरच्या फौजेत आले, आजोबांनी तीच चालवली, वडिलांच्या वेळी लढायाच संपल्या आणि नागोजीरावांच्या वाट्याला आली ती औषधाची लाकडी पेटी. संस्थानच्या पागेत त्यांचा हात मानला जाई. घोड्याच्या पोटाला कान लावून ते सांगत, हा संध्याकाळपर्यंत उठेल, हा नाही. बहुतेक वेळा तसंच होई.

घरात ते, बायको गिरिजाबाई आणि मुलगी तुळसी. प्लेगच्या पहिल्या सालात आठवड्याच्या आत त्यांचे दोन मुलगे गेले होते. तुळसी तेव्हा पोटात होती. त्यामुळे ती जन्मली ती दोघांच्या तळहातावरच वाढली. बाप पागेतून आला की आधी "तुळसी कुठंय?" असं विचारी आणि मग जोडे काढी.

तुळसी तेरा वर्षांची असताना, दसरा पंधरा दिवसांवर आला होता. पागेत गडबड होती. दुपारी ती बापाची भाकरी घेऊन गेली. घोड्यांसाठी हुलगे शिजवायचा मोठा हंडा चुलीवर रटरटत होता. कुणाच्या तरी हातून एक शिंगरू सुटलं, उधळलं, हंड्याला धडकलं. उकळतं पाणी आणि हुलगे तुळसीच्या दोन्ही पायांवर, मांड्यांपासून घोट्यांपर्यंत, सांडले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जीव वाचेल म्हटलं, पण एक दिवसाआड मलमपट्टी करावी लागेल, असं सांगितलं. ती पट्टी सोडवताना पोरगी जी ओरडे, ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाई. गिरिजाबाई तिचे खांदे धरी, शेजारच्या दोघी हात धरीत. नागोजीरावांनी आडदांड घोडे खाली पाडून त्यांच्या जखमा शिवल्या होत्या. पण पोरीचा पाय धरायची वेळ आली की ते अंगणात जाऊन उभे राहत. पाचव्या दिवशी त्यांना राहवेना. त्यांनी पेटी उघडली. घोड्याला पोटशूळ उठला की द्यायची अफू तीत होती. तेवढ्या मोठ्या जनावराचं माप त्यांना पाठ होतं. पोरीसाठी त्यांनी मसुराच्या दाण्याएवढी काढली, गुळाच्या पाण्यात विरघळवली आणि पाजली.

अर्ध्या तासात तुळसीचा चेहरा सैल झाला. पट्टी सोडवली तर नुसती "अप्पा, थंड वाटतंय" म्हणाली. त्या दुपारी गिरिजाबाई पाच दिवसांत पहिल्यांदा झोपली. नागोजीराव दोघींकडे बघत ओटीवर बसून राहिले. आपल्या विद्येचं त्यांना इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं.

मसुराची तूर झाली, तुरीचा हरभरा झाला. संक्रांतीला जखमा भरल्या, कातडी ताणून बसली. तुळसी भिंत धरून चालू लागली, तेव्हा नागोजीरावांनी अफू बंद केली. दोन-तीन दिवस तिचं नाक गळलं, जांभया आल्या. थंडीचे दिवस होते. सर्दी असेल म्हणून आईनं काढा दिला. मग ती आपोआप बरी झाली. बाप म्हणाला, "पोरगी माझी घट्ट आहे."

आषाढात पागेतली एक करडी घोडी पोटशुळानं लोळू लागली. नागोजीरावांनी अफूची गोळी दिली. तासभर वाट पाहिली. दुसरी दिली. घोडी पोटाकडे मान वळवून दात वाजवीत होती, भिंतीवर लाथा झाडीत होती. तिसरी गोळी कापताना त्यांनी सहज बोट जिभेला लावलं. अफू कडू असते. हे गोड-आंबट लागलं. गूळ, चिंच आणि काजळ मळून केलेला गोळा होता तो.

दुपारी आतड्याला पीळ पडून घोडी मेली.

अंमलदारानं विचारलं, "सलोत्री, औषध दिलं होतं ना?"

"दिलं होतं. जुनं झालेलं होतं. मी बघितलं नाही. चूक माझी."

एवढंच बोलून ते घरी आले. त्यांचा हुद्दा त्या आठवड्यात उतरवला गेला, पण त्या वेळी त्यांच्या डोक्यात ते नव्हतंच. तुळसी मागच्या दारी तांदूळ निवडत होती. त्यांनी तो काळा गोळा तिच्या सुपात ठेवला.

तुळसीनं नाकारलं नाही. 

"कधीपासून?"

"थांबलेच नव्हते, अप्पा."

"अगं, पाय तर बरे झाले तुझे. दुखतं का अजून?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मग खाली बघून म्हणाली, "ते घेतलं की मी भाजलेली नसते."

गिरिजाबाई दारात उभी होती. तिच्या हातातली कळशी तशीच कलली आणि पाणी उंबऱ्यावरून वाहत गेलं. "अय्यो देवा," एवढंच ती म्हणाली.

तुळसीनं लपवून ठेवलेली अफू पेटीत गेली आणि त्याच दिवशी पेटीला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी तुळसीचं नाक-डोळे गळू लागले. तिसऱ्या दिवशी तिच्या पोटात पाणी ठरेना. पाय आपोआप झटके देत होते, नवी कातडी फाटून रक्त येत होतं. ती आईला शिव्या देई, मग आईच्याच पायांवर डोकं ठेवी. गिरिजाबाई दगडासारखी बसली होती. पण नागोजीरावांना ते झेपलं नाही. बायको आडावर गेलेली बघून त्यांनी कुलूप काढलं.

गिरिजाबाई परत आली तेव्हा तुळसी शांत पडली होती. बाईनं कळशी उतरवली, पोरीच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि नवऱ्याकडे वळली.

"तीन दिवस मी माझं काळीज जाळलं, आणि तुम्ही एका घटकेत ओतलंत पाणी. पोरीला पोसताय की तिच्या रोगाला?"

"मरत होती ती, गिरिजे."

"मरत नव्हती. ओरडत होती. तुम्हाला ओरडणं सोसत नाही. पहिल्यापासूनच सोसलं नाही."



शेजारी भुजंगराव म्हणून म्हातारे दफेदार राहत. रिसाल्यातून निवृत्त झालेले. जेवण झालं की ते उघड्या ओटीवर बसून चांदीच्या डबीतून अफूची गोळी काढून तोंडात टाकीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करीत. म्हाताऱ्या शिपायाच्या अफूला कुणी नावं ठेवत नसे. लोक हसून सोडून देत. पण चौदा वर्षांच्या लग्नाच्या मुलीच्या तोंडाला तीच गोळी लागलीय हे कळलं असतं, तर मोहल्ल्यातली एकही बाई गिरिजाबाईच्या घरचं पाणी प्याली नसती. म्हणून नागोजीराव भुजंगरावांकडे गेले ते स्वतःचं नाव घेऊन.

"मामा, मला लागलीय. सोडायची आहे. कशी सोडू?"

म्हाताऱ्यानं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "तरीच घोडी मेली," तो म्हणाला. मग जरा मायेनं, "एकदम सोडू नको. खडूचा खडा घे. तराजूत एका बाजूला खडू, दुसऱ्या बाजूला अफू. तेवढीच खा, जास्त नाही. आणि रोज त्याच खडूनं भिंतीवर एक रेघ ओढ. खडू झिजेल तशी अफू कमी होईल. शरीराला कळतही नाही. माझ्या भावानं सोडली अशी. मी नाही सोडली, मला सोडायचीच नव्हती."

पागेतली अफू आता दुसऱ्याच्या ताब्यात गेली होती. ती आणायला सरकारी ठेक्याच्या दुकानात जावं लागे, आणि तिथं माणसाचं नाव विचारून मोजून देत. नागोजीराव भर दिवसा, डोक्याला रुमाल बांधून, चार हमाल आणि दोन बैराग्यांच्या मागे उभे राहत आणि आपलं नाव सांगत. पहिल्या वेळी पागेत घोडे सांभाळणाऱ्या एका ओळखीच्या मोतद्दारानं तोंड फिरवलं. दुसऱ्या वेळी फिरवलं नाही, टक लावून बघितलं. महिन्याभरात सलोत्री अफू खातो ही गोष्ट पागेपासून बाजारापर्यंत झाली.

घरी गिरिजाबाई सोनाराकडून आणलेल्या लहान तराजूत रोज सकाळी माप करी. स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूची रेघ ओढी. तुळसी ती रेघ बघे, गोळी घेई आणि कामाला लागे. दिवाळीपर्यंत खडू निम्मा झाला. पोरीच्या गालांवर थोडं मांस आलं. गिरिजाबाई नवऱ्याशी पुन्हा धड बोलू लागली.

माघात बेट्टदपुराहून दत्तोजीराव मुलगी बघायला आले. घर चांगलं, शेती होती, मुलगा तालुक्याच्या कचेरीत कारकून. पायांवरचे डाग गिरिजाबाईनं आधीच निरोपात कळवले होते आणि त्याला त्यांची हरकत नव्हती. तुळसी हिरवं लुगडं नेसून आली, नमस्कार करून गेली. पोरगी आवडली हे दत्तोजीरावांच्या तोंडावर दिसत होतं. उपीट झालं, कॉफी झाली. मग त्यांनी पेला खाली ठेवला.

"नागोजीराव, एक विचारतो, राग मानू नका. बाजारात लोक बोलतात. तुम्ही अफू घेता?"

आतल्या दाराचा पडदा हलला. नागोजीरावांनी तिकडे पाहिलं नाही. नाही म्हणावं, तर दर आठवड्याला दुकानातून आपल्या नावावर जाते ती कुणाच्या पोटात, असा पुढचा प्रश्न होता.

"घेतो," ते म्हणाले. "कमी करतोय."

 "माणूस तुम्ही भले आहात. पण आमच्या घरी तरणा मुलगा आहे. सासुरवाडीच्या ओटीवर असलं नको." ते उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन हात जोडून म्हणाले, "पोरीला दोष नाही. तिला आशीर्वाद आहे माझा."

ते गेल्यावर कुणी कॉफीचे पेले उचलले नाहीत. बऱ्याच वेळानं तुळसी बाहेर आली.

"अव्वा, मागच्या खोलीत मला घाल आणि कडी लाव. खडू साकू आता, पुरे झाला. आणि अप्पांना किल्ली देऊ नकोस."

गिरिजाबाईनं तसंच केलं. पाण्याचा घडा, पेज, जुनी लुगडी आत दिली आणि कुलपाची किल्ली मंगळसूत्रात ओवून घेतली. माप पुष्कळ खाली आलेलं असल्यामुळे या खेपेला पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी तुळसी दाराला डोकं आपटू लागली. नागोजीराव दाराबाहेर जमिनीवर बसले होते. ती आतून "अप्पा, अप्पा" म्हणत होती. दुसरं काही नाही. ते बायकोकडे बघत, आणि बायको नकारार्थी मान हलवी. चौथ्या दिवशी त्यांनी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली आणि ते रडले. पण दार उघडलं नाही. नवव्या दिवशी आतून आवाज आला, "भूक लागली." गिरिजाबाईनं रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, आणि पातळ सारू आत नेलं. पोरीनं सगळं खाल्लं.

पुढचे बारा-तेरा महिने बरे गेले. पागेतली नोकरी मात्र सुटली. अफूबाज सलोत्र्याच्या हाती घोडे कोण देणार? त्याच साली युद्ध लागलं. पागेतली घोडी निवडून आगगाडीनं बंगळूरला, तिथून समुद्रापार जाणार होती. नागोजीराव स्टेशनाबाहेर उभे राहून, कुठलं जनावर लंगडत चढतंय ते बघत राहिले. त्यांना कुणी बोलावलं नाही. मग ते टांगेवाल्यांची घोडी बघू लागले. तुळसी गोणपाटाचे तोबरे शिवून देई. घोड्याच्या तोंडाला बांधायचे ते तोबरे इतके नेटके असत की टांगेवाले मागून घेत. संध्याकाळी बाप-लेक मापं घेत बसत, चुकलं की एकमेकांवर हसत. गिरिजाबाईनं एक दिवस भिंतीवरच्या रेघा शेणानं सारवून टाकल्या.

पुढच्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडी, तुळसीची दाढ दुखू लागली. गाल सुजून डोळा मिटला. लवंग, हिंग, गरम मीठ, सगळं झालं. त्या सकाळी नागोजीरावांना हूटगळ्ळीला एका पाटलाच्या घोड्यासाठी जावं लागलं. गिरिजाबाई सुमित्राबाई नावाच्या आपल्या मैत्रिणीकडे दाढेवरचं झाडपाल्याचं औषध मागायला गेली. घरी तुळसी एकटी होती.

ती डोक्यावरून पदर घेऊन ठेक्याच्या दुकानात गेली. "अप्पांनी मागवलीय," म्हणाली.

"सलोत्री बऱ्याच दिवसांत आले नाहीत," दुकानदार म्हणाला आणि नेहमीची पुडी मोजून दिली. त्याला संशय यायचं काही कारणच नव्हतं.

गिरिजाबाई आली तेव्हा पोरगी भिंतीला टेकून झोपलेली होती. दुखणं थांबलं असेल म्हणून आईनं तिला उठवलं नाही. नागोजीराव तिसऱ्या प्रहरी परतले. दारातूनच त्यांना तो श्वास ऐकू आला, मध्येच थांबणारा, मग घरघरत येणारा. पापणी उचलली, बाहुली मोहरीएवढी. तिच्या पदराखाली उघडी पुडी होती. त्यांनी तिला उभं केलं, काखेत धरून अंगणात फिरवलं, थोबाडीत मारल्या, काळी कॉफी तोंडात ओतली. ती बाहेर ओघळली. भुजंगराव काठी टेकत डॉक्टर आणायला गेले. डॉक्टर आले तेव्हा दिवे लागत होते, आणि तुळसी गेली होती. सोळा वर्षांची.

पुडीतून किती कमी झालंय ते नागोजीरावांनी बघितलं. हरभऱ्याएवढी. तिचं जुनं माप. दोन वर्षांपूर्वी तेवढ्यानं तिला नुसती गुंगी येई. पण शरीर ते विसरलं होतं आणि पोरीला ते आठवत होतं. हे त्यांनी तिला कधी सांगितलंच नव्हतं. सोडण्याबद्दल सगळं सांगितलं, पुन्हा घेण्याबद्दल बोलायची भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी गिरिजाबाईनं विचारलं, "एवढ्या पोरीला दुकानदारानं दिली कशी?"

"माझ्या नावावर दिली."

लोकांना सांगितलं ते दाढेतून विष चढलं असं. गिरिजाबाईला त्या घरात बसवेना. वर्षभर ती एच. डी. कोट्याला भावाकडे राहिली. परत आली ती निम्मी होऊन.

नागोजीराव त्यानंतर पुष्कळ जगले. मोहल्ल्यात बोललं जाई, पोरीच्या जाण्यानं सलोत्र्याचे डोळे उघडले, अफू सुटली ती सुटलीच. भुजंगरावांनी तर चार माणसांत त्यांची पाठ थोपटली. त्या दिवशी घरी आल्यावर गिरिजाबाई म्हणाली, "एकदा सांगून टाकते सगळ्यांना. तुम्ही कधी जिभेला लावली नाही म्हणून."

"मग लावली कुणी, ते विचारतील."

 त्यावर दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत.

काही वर्षांनी एक बाई नवऱ्याला घेऊन त्यांच्या ओटीवर आली. नवरा गंगाधरराव, टांगेवाला, तिशीचा. नाक गळत होतं. बाई म्हणाली, "सलोत्रीमामा, तुम्ही सोडलीत. ह्यांना सांगा कशी सोडली. ह्यांना वाटतं, कुणाची सुटतच नाही."

नागोजीरावांनी आत पाहिलं. गिरिजाबाई चुलीपुढे होती. तिनं फुंकणी खाली ठेवली आणि तिथंच थांबली.

"बैस," ते गंगाधररावांना म्हणाले. "आधी खडूनं तोलून माप खाली आण, मग खोलीत जाऊन दार लाव. पहिले दोन दिवस काही वाटणार नाही. तिसरा दिवस सगळ्यात वाईट. पाय आपल्या आपण उडतात. दारावर डोकं आपटावंसं वाटतं. ज्याच्यावर सगळ्यात जास्त माया, त्यालाच हाक मारावीशी वाटते, कारण तोच दार उघडेल हे माहीत असतं. त्याला लांब पाठव. बायकोला सांग, किल्ली तिच्याजवळ. नवव्या दिवशी भूक लागेल."

"लागते?"

"लागते. मुद्दा खाशील. आणि एक ऐक. सुटल्यावर कधी घसरलास, माणूस घसरतो, तर जुनं माप घेऊ नकोस. जुन्या मापानं मरशील. दाढ दुखो, पाय मोडो. हे कुणी सांगत नाही. मी सांगतोय."

गंगाधररावानं मान डोलावली. बाईनं वाकून नमस्कार केला. पुढे त्याची सुटली की नाही ते कळलं नाही. उन्हाळ्यात ती दोघं टांगा विकून पेरियापट्टणच्या बाजूला गेली.

ती ओटीवरून उतरली तेव्हा गिरिजाबाई कॉफीचे दोन पेले घेऊन बाहेर आली. एक नवऱ्यासमोर ठेवला, एक स्वतः घेतला आणि पुष्कळ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या शेजारी ओटीवर बसली.